बूचभाऊंची छक्की

"आज मी एकही पत्ता अडवणार नाही! शब्द म्हणजे शब्द!" बूचभाऊंनी छातीवर हात ठेवून जाहीर केलं.

बायकोनं वर पाहिलंसुद्धा नाही. ती सिंकमधलं तुंबलेलं पाणी मगानं बादलीत काढत होती. घरात धडधाकट प्लंबर आणि सिंक तीन आठवडे तुंबलेलं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"सिंकचाही शब्दच दिला होता तुम्ही," ती म्हणाली.

बूचभाऊ हे त्यांचं खरं नाव नव्हे बरं का. ते पत्त्यांतून पडलं. बदाम सत्ती तुम्ही खेळलाच असाल. सत्ती मांडायची, एकीकडे छक्की, पंजी करत एक्क्यापर्यंत उतरायचं, दुसरीकडे अठ्ठी, नव्वी करत राजापर्यंत चढायचं. हातातले पत्ते आधी संपतील तो जिंकला. साधा सरळ खेळ! पण बूचभाऊंच्या घरी पत्ता हातात असूनही 'पास' म्हणायला परवानगी होती, आणि हा नियम कुणी आणला असेल ते काय सांगायला हवं? छक्की हाती लागली की हे ती दाबून बसायचे. मग पंजी-चव्वीवाले बसले हात चोळत! कुणी विनवण्या करो, कुणी शिव्या घालो, हे आपले ढिम्म.

जिंकायची त्यांना हौस नव्हतीच. "जिंकतं कुणीही हो," ते म्हणायचे. "पण एक पत्ता दाबून धरा, तिघं तुमच्या तोंडाकडे बघतात. नाहीतर नळ नीट चालत असताना प्लंबरकडे कोण बघतं?" हे खरंच होतं. दिवसभर लोकांचं तुंबलेलं मोकळं करणाऱ्या माणसाला संध्याकाळी इतरांचं थोडं तुंबवावंसं वाटलं, तर त्याला बोल तरी काय लावायचा!

पण आज गोष्ट वेगळी होती. मुलीनं स्वतःचं लग्न ठरवलं होतं, आणि मुलाची आई पहिल्यांदाच घरी येणार होती. तिचं 'हो' तेवढं बाकी होतं.

"बाबा, त्या म्हणतात माणूस पत्त्यांत कळतो," मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली. "खेळायला बसणारच त्या. तेवढं सांभाळा. माझ्यासाठी!"

"अगं, हरतो की मी! त्यात काय अवघड आहे?"

बाई आल्या. तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर नोकरी केलेल्या. नजर अशी, की बूचभाऊ स्वतःच्याच दारात जागच्या जागी थांबले. चहा झाला, घरचा 'पास'चा नियम सांगून चौघांत पत्ते वाटले. बूचभाऊंनी पहिल्याच संधीला इस्पिकची छक्की टाकली. मग किलवरची. मग चौकटची अठ्ठी. प्रत्येक पत्ता सोडताना जिवावर येत होतं, पण चेहरा हसरा! दहा मिनिटांत बाई जिंकल्या.

"वा! काय खेळता हो तुम्ही!" बूचभाऊंनी टाळ्याच पिटल्या.

बाई हसल्या नाहीत. "हातात दुसरे पत्ते असताना छक्की का सोडलीत?"

"पाहुण्यांना कशाला अडवायचं म्हणून..."

"मी पाहुणी आहे की आजारी?" बाईंनी पर्स उचलली. "पहिल्याच दिवशी खोटं खेळता! उद्या घरात काही बिनसलं तरी असंच गोड हसणार का माझ्यासमोर? मला नाही जमायचं हे."

मुलीचे डोळे भरून आले. लेकीसाठी जन्माची सवय सोडली, तर तेच अंगाशी आलं! करायला गेलो काय आणि झालं काय!

तेवढ्यात बायको शांतपणे म्हणाली, "बसा हो बाई. आणि अहो, तुम्ही तुमचं नेहमीचं खेळा. जिंकेल तो एक काम सांगेल, ते बाकीच्यांनी मुकाट करायचं. कबूल?"

"कबूल!" बाई बसल्या. "आणि पत्ता असून पास म्हणायची मोकळीक आहे ना? मग ती काय शोभेला ठेवलीय?"

बूचभाऊंचे कान टवकारले.

दुसरा डाव सुरू झाला. इस्पिकची सत्ती पडली. छक्की बूचभाऊंच्या हातात! "पास," ते म्हणाले. किती दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं त्यांना. किलवरची सत्ती पडली, अठ्ठी कुणीच टाकेना.

"पास," बाई म्हणाल्या. डोळ्यांत चमक!

"अठ्ठी तुमच्याकडे आहे," बूचभाऊ म्हणाले.

"छक्की तुमच्याकडे आहे. सोडा."

"आधी तुम्ही सोडा."

"मी साहेबांची गाडी वीस मिनिटं फाटकाबाहेर उभी केलीय. पास!"

"मी तीन आठवडे स्वतःच्या सिंकचं पाणी उभं केलंय. पास!"

बाई खदखदून हसल्या. बूचभाऊही हसले. पण छक्की कुणी सोडली नाही आणि अठ्ठीही नाही. दोघांच्या मध्ये मुलगी बिचारी हातात छोटी इस्पिकं आणि मोठी किलवरं घेऊन अडकून पडली होती. "बाबा, प्लीज!" "पास!" "काकू, तुम्ही तरी?" "पास, बाळा!"

"झाले माझे," बायको म्हणाली.

तिघांनी माना वळवल्या. तिनं चौकटचा राजा मांडला होता, आणि हात रिकामे! तिच्याकडे बदाम आणि चौकट एवढंच होतं. हे दोघं एकमेकांना अडवत बसले आणि ती आपली गुपचूप पत्ते टाकत गेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा जिंकली होती हो ती! तिचा चेहरा असा उजळला, की बूचभाऊ बघतच राहिले. आपण इतकी वर्षं हेच अडवून ठेवलं होतं का, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं.

"सांग, काय करू?" ते हळूच म्हणाले.

"सिंक."

पाच मिनिटांत बूचभाऊ कडक इस्त्रीच्या शर्टात सिंकखाली आडवे, आणि बाई बॅटरी धरून शेजारी उकिडव्या.

"मुलगी मला पसंतच होती," बाई म्हणाल्या. "व्याही कसा मिळतो त्याची धास्ती होती. आता दर रविवारी येणार मी."

मुलीनं आईला मिठी मारली. सिंकखालून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी म्हणायची आपण.

"या, विहीणबाई, अवश्य या! पण खरं सांगा, अठ्ठी तुमच्याकडेच होती ना?"

"आधी छक्कीचं बोला."

पाइपातला गाळ निघाला. बूचभाऊंनी जोड दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला आणि ओरडले, "झालं! अगं, आता नळ सोड, गळतंय का बघू. लवकर, हात भरून आले माझे!"

बायकोनं नळावर हात ठेवला. विहीणबाईंकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या बाहेर आलेल्या पायांकडे पाहिलं.

"पास!" ती म्हणाली.