दत्तू फिटर आन् कच्चं लिंबू

दत्तू फिटरचे दोन्ही पाय धडधाकट हायेत. तरी दर मे महिन्यात तो चाकाच्या खुर्चीत बसून गावातून फिरतो, आन् ती खुर्ची ढकलायला मी असतो. मी त्याच्यापेक्षा म्हातारा. बघणारा थांबून बघतो.

पहिल्या साली तर पाटसहून आलेली त्याची मावसबहीण हातातली पिशवी टाकून रडायलाच लागली. "दत्तूदादा, कवा झालं रे हे? फोन तरी करायचा!"

"काय झालं न्हाई गं. ट्रायल चालू हाय. बाजूला हो, चाक जाऊ दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी आपलं डोक्याकडं बोट केलं. त्यावर ती आणखीच रडली.

दत्तू कुरकुंभला एका कारखान्यात फिटर होता. रिटायर होऊन माझ्या शेजारी घर बांधलं, पण कारखाना काय त्याच्या तोंडातून गेला न्हाई. झोपायला चालला की 'शटडाऊन' म्हणतो. बायको पुण्यात पोराकडं असती, नातू सांभाळायला. तिच्याशी फोनवर वाजलं की 'लाईन ट्रिप झाली' म्हणतो. आन् काम कसलंबी असो, एक वाक्य ठरलेलं: "आधी ट्रायल, मग प्रॉडक्शन."

शिरूरकडं एक शाळा हाय. तिथल्या नयनाबाई मे महिन्यात पोरं घेऊन आमच्या गावच्या शाळेत शिबिराला उतरतात. कुणाला दिसत न्हाई, कुणाला ऐकू येत न्हाई, कुणाला फिट येती, कुणाला जेवणाआधी सुई टोचून घ्यावी लागती. गावची पोरंबी त्यांच्यातच खेळतात. दत्तू खेळाचा इनचार्ज. त्याला कुणी केला न्हाई, तोच झाला.

शिबिर लागायच्या आधी एकेका पोराची ट्रायल हा स्वतःवर घेतो. एकदा डोळ्याला पंचा बांधून शाळेच्या मुतारीकडं निघाला, तो सरळ म्हशीच्या हौदात. वर आला, नाकातलं पाणी शिंकरलं आन् म्हणाला, "आबा, इथनं दोरी बांधली पाहिजे." सुईवाल्या पोराच्या नावानं बिनसाखरेचा चहा सुरू केला आन् सगळ्या गावावर खेकसत फिरला.

मला राहवायचं न्हाई. मी विचारायचो, "बाई सांगतात की कुणाला काय लागतं ते. तुला हौदात कशाला पडायचं?"

"सांगून कळतं व्हय? मशीन कुठं तापलंय ते हात लावल्याबिगर कळतं का?"

यंदा सई नावाची पोरगी आली. आठ-नऊ वर्षांची, चाकाच्या खुर्चीतली, तोंडानं टकळी. तिला पुरं शिबिर राहायचं होतं. तिची आई मात्र बॅग खांद्यावरनं उतरवायला तयार न्हाई. "आजचा दिवस बघते," ती नयनाबाईंना म्हणाली. "पडलीबिडली तर सांजच्याला घेऊन जाते."

मैदानावर पकडापकडी लागली. दत्तूनं फक्कीनं चौकोन आखलेला. शिवलं की आऊट, रेषेभाईर गेलं तरी आऊट, आन् आऊट झाला त्याच्यावर राज्य. सई मधोमध हात हलवत ओरडत होती, "मी इथं हाय! मी इथं हाय!" ज्याच्यावर राज्य होतं ते आमच्या गावचं पोरगं तिच्या चाकाला घासून पळालं आन् लांबच्याला धरलं. दोनदा तसंच झालं.

"ए, मला का धरत न्हाईस?"

"तू कच्चं लिंबू हायेस," पोरगं म्हणालं. वाईट मनानं न्हाई, उलट मायेनंच. लहानग्याला, अधूला आपण असंच खेळवत आलोय. खेळात घ्यायचं, पण मोजायचं न्हाई.

सईनं हात खाली घेतले.

दत्तूनं शिट्टी अशी फुंकली की झाडावरचे कावळे उडाले. "शटडाऊन! माझ्या ग्राउंडवर कच्चं लिंबू चालायचं न्हाई. आऊट म्हंजी आऊट. आता राज्य माझ्यावर!"

आन् साठी उलटलेला हा गडी प्यांट वर खोचून, पोट सांभाळत सईच्या मागं लागला. पोरगीनं चाकं अशी फिरवली की फक्कीचा धुरळा उडाला. आई ओरडतीय, "ओ मामा, हळू! अहो मामा, थांबा की!" कोण थांबतंय? कोपऱ्याला चाक मऊ मातीत रुतलं, खुर्ची कलली आन् सई मातीत. दत्तू धापा टाकत पोचला. तिच्या पाठीवर थाप मारली आन् म्हणाला, "आऊट!"

आई बॅगेसकट पळत आली. मी म्हणलं, संपलं, चालली पोरगी घरी.

सई हातावर जोर देऊन उठून बसली. कोपर खरचटलेलं. "आऊट कशी? चाक रुतलं होतं! मी रेषेच्या आत हाय!"

"आत अस न्हाईतर भाईर. शिवलं."

"खुर्ची पडल्यावर शिवायचं न्हाई!"

"असा नियम कुठं हाय?"

"मग करा की! चीटर!" तिला रडू फुटलं, पण ते रागाचं. तिनं मूठभर माती दत्तूच्या शर्टावर फेकली.

"माती फेकली तरी आऊट," दत्तू म्हणाला.

मला वाटलं, आई आता याला फाडून खाती. ती उभीच राहिली. मग नयनाबाईंना हळूच म्हणाली, "हिच्याशी आजवर कुणी भांडलंच न्हाई." तिनं लेकीला खुर्चीत बसवलं, कोपर पुसलं. "मामा म्हणतात तर तू आऊट. घे राज्य."

सांजच्या एसटीनं आई गेली. एकटीच.

शिबिर उठलं त्या दिवशी पोरांची गाडी गेली आन् मी मैदानावर आलो, तर दत्तू शाळेतल्या जादा खुर्चीत बसलेला. ज्याच्यासाठी ट्रायल घ्यायची असं कुणी उरलं नव्हतं.

"आता काय रे?"

तो फक्कीच्या रेषेकडं बघत होता. "आबा, माझं हृदयाचं ऑपरेशन झालं ना, तवा कारखान्यानं मला गेटापाशी स्टुलावर बसवलं. पगार पुरा, काम न्हाई. सगळे गोड बोलायचे. रिटायर होईस्तोवर कुणी मला एक शिवी दिली न्हाई. फिटरला कुणी शिवी देत न्हाई म्हंजी तो गेलाच की हो. आन् आता पुण्याला गेलो की पोरगा म्हणतो, बाबा, तुम्ही बसा."

आमची मंडळी गेल्यापासून गावात मलाबी कुणी उलटून बोलत न्हाई. पत्त्यात मुद्दाम हरतात. ती असताना तंबाखूवरनं रोज सकाळी माझी हजेरी घ्यायची. आता डबी उघडी पडलेली असती, कुणी काय म्हणत न्हाई. गावात मला राबवून घेणारा हा एकच गडी, खुर्ची ढकलायला लावणारा.

मी मागनं जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "आऊट. राज्य तुझ्यावर."

तो दचकला. मग मान वळवून बघितलं. "कसा आऊट? ट्रायल चालू असताना शिवायचं न्हाई!"

"असा नियम कुठं हाय?"

"तुम्ही म्हातारे झालाय आबा, पण चीटर हायसा!"

मी खुर्ची ढकलत निघालो. घर आलं तरी वाद मिटला न्हाई. मिटवायची घाई दोघांपैकी कुणालाच नव्हती.