दिपोटी साहेबांचा तिसरा नंबर

मोठेपणी कोण होणार, ते पाटीवर लिहा, असं एकनाथ मास्तरांनी सातवीच्या वर्गाला सांगितलं. एकतीस मुलांपैकी एकोणतीस जणांनी ‘कारकून’ लिहिलं. एकानं ‘मामलेदार’ लिहिलं आणि मंद्रूपच्या गुंडा नावाच्या मुलानं पाटी कोरीच ठेवली. मास्तरांनी त्याला कारण विचारलं.

“आमचं ठरलंय की,” गुंडा म्हणाला. “दिवाळी झाली की मेंढरामागं जायचं. आबा म्हनतो, तू काय कारकून हुनार न्हाईस, मग शिकून करायचं काय?”

मास्तर दिवसभर त्याच विचारात होते. शाळेच्या खिडकीतून गिरण्यांची धुराडी दिसत होती, पलीकडच्या गल्लीतून हातमागाची खडखड ऐकू येत होती, आणि एकोणतीस मुलांना जगात कारकुनाच्या टेबलाखेरीज काही दिसत नव्हतं. निरनिराळी कामं करणारी माणसं वर्गात आणून मुलांशी बोलायला लावावीत, असं त्यांच्या मनात आलं. हेडमास्तर यज्ञेश्वरपंतांना त्यांनी तसं विचारूनही पाहिलं. पंत म्हणाले की, तुमची नोकरी अजून कच्ची आहे. शाळाखात्याचे नवे दिपोटी साहेब महिन्याभरात कधीतरी तपासणीला येतील, त्यांनी बरा शेरा दिला तरच ती पक्की व्हायची. तेव्हा मुकाट्यानं पाढे घ्या, धंदे काय, त्यांचे बाप शिकवतील.

एकनाथ मास्तर मुकाट्यानं घरी गेले. पण पुढच्या शनिवारी भाच्याच्या मुंजीला पंत मोहोळला जाणार आहेत हे कळल्यावर त्यांचा धीर वाढला. शेजारच्या सुंदरम्मा सूत रंगवायच्या, त्यांना त्यांनी सांगून ठेवलं. एका गिरणीत चिठ्ठी पाठवली, तर तिकडून निरोप आला की कापड तपासणारे गृहस्थ येतील. आणि मंद्रूपच्या बाजारात गाठून गुंडाच्या बापाला, ज्ञानबाला, त्यांनी एक मेंढी घेऊन यायची गळ घातली.

शनिवारी सकाळी सुंदरम्मा सर्वांत आधी आल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे होते. पाठोपाठ सायकलवरून एक अनोळखी गृहस्थ उतरले. कोटावर धूळ होती, धोतराचा सोगा खोचलेला होता.

“मी तपासणीला आलोय,” ते म्हणाले.

“तुमचीच वाट पाहत होतो,” मास्तर आनंदानं म्हणाले. “या, या बाकावर बसा. तुमचा तिसरा नंबर.”

गृहस्थांनी भुवया उंचावल्या. कसला तिसरा नंबर, असं त्यांनी विचारलं. मास्तरांना वाटलं, गिरणीतला माणूस मुलांपुढे बोलायला बुजतोय. घाबरू नका, मुलं चांगली आहेत, आपलं रोजचं काम जसं आहे तसं सांगा, असा त्यांनी धीर दिला. गृहस्थ आणखी काही बोलणार होते, तेवढ्यात सुंदरम्मांनी सुरुवात केली.

दहा शेर सुताला इतका रंग लागतो, तर साडेतीन शेराला किती, असं त्यांनी मुलांना विचारलं. मुलं पाट्या शोधू लागली. सुंदरम्मांनी उत्तर तोंडी सांगितलं आणि चुकीचं गणित केलं तर लुगड्याचे काठ दोन रंगांचे कसे निघतात, तेही सांगितलं. त्रैराशिकाचं नाव काढलं की पोट दुखणारी मुलं पुढे सरकून बसली. बाकावरचे गृहस्थही पुढे सरकले.

मग दारातून मेंढी आत आली. तिच्यामागून दुसरी आली. एकोणीस झाल्या तेव्हा ज्ञानबा आला.

“एक सांगितली होती ना?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“एकटी मेंढी चालत न्हाय, मास्तर,” ज्ञानबा म्हणाला. “तिला वाटतं, बाकीच्या कुटं गेल्या.”

वर्गात बाकांखाली, फळ्याखाली, टेबलाखाली मेंढ्याच मेंढ्या झाल्या. ज्ञानबा मात्र इतक्या लोकांपुढे उभा राहताच गप्प झाला. त्यानं डोईचं मुंडासं काढून हातात घेतलं, पुन्हा घातलं. मास्तर काही सुचवणार, तोच मागच्या बाकावरून गुंडा उठला. वर्षभरात तो आपणहून कधी बोलला नव्हता. त्यानं एका मेंढीचं तोंड उघडलं आणि दातांवरून वय कसं ओळखायचं ते दाखवलं. ही लंगडते ती खूर सडल्यामुळे, ती खोकते ती ओल्या रानात बसल्यामुळे, असं तो एकेकीचं सांगत गेला. सांगता सांगता त्यानं एक कोकरू उचललं आणि हात मोकळे करायला बाकावरच्या गृहस्थांच्या मांडीवर ठेवलं. गृहस्थांनी ते धरलं. ज्ञानबा आपल्या पोराकडे पाहतच राहिला.

आता तिसरा नंबर. मास्तरांनी बोलावल्यावर गृहस्थ कोकरासकट उभे राहिले. “मी तपासनीस आहे,” ते म्हणाले. हे मुलांना आधीच ठाऊक होतं. कारकून होणाऱ्यांपैकी एकानं लगेच विचारलं, “खराब माल कसा ओळखता?”

गृहस्थांनी थोडा विचार केला. “दारातून आत गेलो की कळतं,” ते म्हणाले. “मी आल्यावर सगळं चिडीचूप झालं, की समजायचं, इथे काहीतरी बिघडलंय.”

कापड चिडीचूप कसं होतं, हे मुलांना समजेना. पण प्रश्न थांबले नाहीत.

“खराब निघालं तर काय करता?”

“शेरा लिहितो.”

“मग ते सुधारतात?”

“नाही. बहुतेक तसंच राहतं.”

“मग तपासता कशाला?”

गृहस्थांनी कोकराच्या पाठीवरून हात फिरवला. “अठरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं,” ते म्हणाले.

त्याच वेळी दारात यज्ञेश्वरपंत उभे राहिले. त्यांची मोहोळची गाडी चुकली होती. परत येताना शाळेच्या फाटकात त्यांना एक नीटनेटके गृहस्थ भेटले आणि म्हणाले, मी तपासनीस, सातवीच्या वर्गावर आलोय. पंतांनी तिथेच कमरेत वाकून नमस्कार केला होता, आणि आता ते त्यांना हाताला धरून आत आणत होते. एका मेंढीला अडखळून त्यांनी वर पाहिलं.

“एकनाथराव, हा काय प्रकार? दिपोटी साहेब आलेत.”

“साहेब? मी तर गिरणीतला,” नीटनेटके गृहस्थ संकोचून म्हणाले. “कापड तपासतो. तुम्ही एवढा वाकून नमस्कार केलात म्हणून बोलायचं राहून गेलं.”

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कोकरू धरलेल्या गृहस्थांकडे पाहिलं. पक्की नोकरी तर गेलीच, आता कच्चीही जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं.

“दिपोटी मी,” कोकरू धरलेले गृहस्थ म्हणाले. “बसा पंत. जागा बघून बसा. या गिरणीतल्या पाहुण्यांचं बोलणं व्हायचंय, आणि मला खराब कापडाचं पुढे काय होतं ते ऐकायचंय.”

पंत मेंढ्यांमध्ये बसले. खराब कापड ते विणणाऱ्या मागवाल्याला पुन्हा दाखवतात, त्याची चूक त्याला समजावतात, असं पाहुण्यांनी सांगितलं आणि साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. मग ते ज्ञानबाकडे वळले.

“हा दिवाळीनंतर शाळा सोडणार, असं एक मुलगा कुजबुजत होता. खरं का?”

“व्हय साहेब. कारकून व्हायचं त्याच्या नशिबात न्हाय.”

“नसू दे. जनावरांचेही डॉक्टर असतात. मुंबईत त्याचं कॉलेज आहे. आज यानं जे सांगितलं, त्यातलं अर्धं तिथे शिकवत असतील.”

ज्ञानबानं हे दोनदा ऐकून घेतलं. “म्हंजी शिकून बी मेंढरातच ऱ्हायचं?” त्यानं विचारलं. साहेब हो म्हणाले, तेव्हा तो पोराला म्हणाला, “मग शिक की.” वर्गात जो ओरडा झाला त्यानं सगळ्या मेंढ्या अंगणात पळाल्या, आणि त्यांना गोळा करायला यज्ञेश्वरपंतही धावले.

साहेबांनी शेरा तिथेच लिहिला: असा वर्ग दर महिन्याला व्हावा, आणि या शिक्षकाला ताबडतोब कायम करावं. पंतांनी तो मोठ्यानं वाचला आणि ही कल्पना आपण दोघांनी मिळून काढली होती, असं सांगितलं. एकनाथ मास्तरांनी मान डोलावली. आज त्यांना कुणाचंच काही नाकारायचं नव्हतं.

साहेब निघाले तेव्हा त्यांनी मास्तरांना फाटकाजवळ बाजूला घेतलं. आता खरी बोलणी बसणार, असं मास्तरांना वाटलं. साहेब सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिले.

“माझा मुलगा दोनदा मॅट्रिकला बसला,” ते शेवटी म्हणाले. “दिवसभर एका पेंटरच्या दुकानात असतो. त्याला दुकानांच्या पाट्या रंगवायच्यात. मी त्याच्यासाठी कचेरीत जागा बघून ठेवलीय. त्याचं काय करावं?”

“पुढच्या महिन्याच्या वर्गाला घेऊन या त्याला,” मास्तर म्हणाले. “मुलं विचारतील, तो सांगेल. आणि साहेब, त्याची उत्तरं तुम्ही द्यायची नाहीत.”

“बरं,” साहेब सातवीतल्या मुलासारखे म्हणाले, आणि सायकलवर बसले.