गणपतीच्या पेनड्राइव्हचं कीर्तन

यंदा आपला ऊस कारखान्याला जाईल तो देवाच्या नावानं जाईल, असं मालुबाईंनी दसऱ्यापासूनच गावात सांगून ठेवलं होतं. गावानं विचारलं नव्हतं. पण मालुबाई काही विचारायची वाट बघणाऱ्यांतल्या नव्हेत.

ह्याचं मूळ मारुतीरावाच्या ट्रॅक्टरमध्ये होतं. गेल्या हंगामात ह्या शेजाऱ्यानं ट्रॅक्टरला देवळाच्या दाराएवढे स्पीकरचे बॉक्स बसवले आणि उसाची ट्रॉली घेऊन मालुबाईंच्या दारावरनं जाताना रोज एकच गाणं लावलं. कंबरपट्ट्याचं. त्या गाण्यातल्या बाईला सोनार काही केल्या मापाचा कंबरपट्टा करून देत नव्हता, आणि ती आपली तक्रार साऱ्या संकेश्वर रोडला ऐकवत होती. ठेका असा, की मालुबाईंच्या फळीवरची पितळी भांडी जागच्या जागी फुगडी घालायची. शेवटी एके दिवशी त्या पिठाच्या हातानं रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"मारुती, बंद कर ते. घरात आयाबहिणी हाईत का न्हाईत तुझ्या?"

"हाईत की आक्का. त्यांनीच भरून दिलंय."

"मग त्यांच्या दारात वाजव. हितं परत वाजलं तर ट्रॉलीतला ऊस उपसून तुझ्याच पाठीत घालीन."

मारुतीरावानं हसत हसत आवाज कमी केला. गावात मालुबाईंचं नाव झालं. आणि नाव झालं की ते पुढच्या वर्षी वाढवावं लागतं, नाहीतर लोक म्हणतात, म्हातारी थकली.

म्हणून हा बेत. पहिली ट्रॉली अभंगाच्या गजरात न्यायची. मारुतीरावाचा ट्रॅक्टर मुद्दाम आपल्या मागं ठेवायचा आणि त्याला कारखान्यापर्यंत भक्तीचा धूर खायला लावायचा.

अभंग भरायचं काम नातीकडं, सौम्याकडं, आलं. सौम्या बेळगावात नोकरीला. शनिवारी घरी यायची ती कानात बोंडं घालूनच, आणि काय ऐकतेस म्हणून विचारलं की डोळे मिटून म्हणायची, "भजन." मालुबाईंना वाटायचं, पोरगी माझ्यावर गेलीय.

"आज्जी, ट्रॅक्टरवर अभंग?"

"का? उसाला कान न्हाईत व्हय?"

सौम्यानं अभंग भरून दिले आणि पेनड्राइव्ह टीव्हीपाशी ठेवला. सकाळी ती आंघोळीला गेली असताना मालुबाई बघतात तर तिथं दोन पेनड्राइव्ह. एक नुसताच काळा. दुसऱ्यावर गणपतीचं स्टिकर. दोन्हींवर काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं. मालुबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, तेही मास्तर आजारी असायचे. पण डोकं तर होतं ना? ज्याच्यावर गणपती त्याच्यात अभंग, हे कळायला इंग्रजी कशाला लागतंय? त्यांनी गणपतीला हळद-कुंकू लावलं आणि पेनड्राइव्ह युवराजच्या हातात दिला.

युवराज म्हणजे त्यांचा ट्रॅक्टर चालवणारा. माणूस आज्ञाधारक, म्हणजे इतका की थांब म्हटलं की सावलीतसुद्धा सरकायचा नाही.

"वेशीवर नारळ फोड आणि मग लाव," मालुबाईंनी बजावलं. "एकदा लावलंस की कारखान्याचं काम हुईस्तवर बंद करायचं न्हाय. कुणी बी सांगू दे. केलास तर हितली भाकरी बंद."

"व्हय आक्का."

ट्रॅक्टर गेला. मागोमाग मारुतीरावाचाही गेला. वेशीकडनं नारळ फुटल्याचा आवाज आला. मालुबाईंनी हात जोडले आणि चहाचं आधण ठेवलं.

सौम्या ओल्या केसांनी बाहेर आली. "आज्जी, माझा गणपतीचा पेनड्राइव्ह बघितलास काय गं?"

"कारखान्याला गेला."

सौम्या मटकन खाली बसली.

झालं होतं असं. बेळगावातली तिची मैत्रीण केतकी इंटरनेटवर एक कार्यक्रम करायची. तरण्या पोरापोरींनी आपण काय ऐकतो, काय वाचतो, ते मोकळेपणानं सांगायचं. ह्या खेपेला पाळी सौम्याची. गावात इंटरनेट नीट चालत नाही म्हणून तिनं बोलणं पेनड्राइव्हवर भरून ठेवलं होतं, सोमवारी केतकीच्या हातात द्यायला.

"मोकळेपणानं म्हंजे कसं?" मालुबाईंनी विचारलं.

"म्हंजे... मोकळेपणानं."

तेवढ्यात फोन वाजला. हायवेच्या स्टॉपवरनं शाळेतल्या कल्याणीबाई बोलत होत्या. "मालुबाई, तुमचा ट्रॅक्टर आत्ता इथनं गेला. संगीताविषयी फार छान बोलतेय हो सौम्या. म्हणाली, भजनी मंडळात माझी आज्जी सगळ्यांत पुढं बसते. तिचा आवाज सुरातच यायला निघतो, पण वाटेत कुणाशी तरी भांडायला थांबतो."

मालुबाईंनी फोन ठेवला आणि नातीकडं बघितलं.

"प्रेमानं म्हटलंय आज्जी."

"आणि कानात भजन असतंय ते?"

"नसतंय. मान मातर मी भजनाच्या ठेक्यावर हलवत्ये. ते बी सांगितलंय त्यात."

"अजून काय काय हाय?"

"आधी गाणी. मग मासिकं. मग पुस्तकं. आणि अगदी शेवटी..." सौम्या पदराशी खेळायला लागली, आणि अंगात तर पंजाबी ड्रेस होता.

"बोल की."

"कंबरपट्ट्याचं गाणं. तू मारुतीकाकाला झापलंस, त्याच्या पुढच्या आठवड्यात मी दुपारची गाडी धरून आलते. सैपाकघरात तू एकटीच भाकरी थापत होतीस. तेच गाणं म्हणत. भाकरी परातीत फिरत होती आणि तू..."

"मी काय?"

"तू बी."

मालुबाईंनी आधण उतरवलं. गॅस बंद केला. सूर ऐकून गाव हसलं तर हसू दे, गावाला तरी कुठं सूर कळतोय. पण हे मारुतीरावाच्या कानात गेलं तर? तो मागच्याच ट्रॅक्टरवर बसलाय. हंगाम संपेपर्यंत नाही, मालुबाई संपेपर्यंत तो हे पुरवून पुरवून खाईल.

युवराजला फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. मांडीखालच्या इंजिनात आणि डोक्यावरच्या सौम्यात त्याला काय डोंबल ऐकू येणार?

"काढ तुझी ती स्कूटी," मालुबाई म्हणाल्या.

स्कूटीवर बसणाऱ्या बायांना त्यांनी आजवर मोप नावं ठेवली होती. आता स्वतः बसल्या, तेही नातीला अशा आवळून की तिला श्वास घ्यायला जागा उरली नाही. खड्डा आला की डोळे मिटायच्या आणि खड्डा गेला की, "हळू का चालवायलीयास?" म्हणून ओरडायच्या.

हायवेच्या हॉटेलापाशी माणसं टपऱ्यांतून बाहेर येऊन उभी होती. एक म्हातारा तर अजून हात जोडून होता.

"ट्रॅक्टर गेला काय हितनं?"

"कीर्तन व्हय? आत्ताच गेलं. मासिकांचं आख्यान चाललंतं," म्हातारा म्हणाला. मग मालुबाईंना निरखून बघत त्यानं विचारलं, "तुम्हीच काय त्या आज्जी? भाजीचं पान बघत्ये म्हणून मासिक घेत्यात आणि आधी प्रेमाची गोष्ट वाचून घेत्यात नातीकडनं? त्यातल्या सासूला शिव्या देत्यात?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्याच ट्रॅक्टरनं." म्हातारा जवळ सरकला. "बरं, त्या पोरीचं लगीन झालं का वो शेवटी?"

"फुडल्या अंकात हाय," मालुबाई म्हणाल्या, आणि सौम्याच्या पाठीत बुक्की घातली. "चल. मासिकं संपली. पुस्तकं लागली असतील."

कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरांची ही लांब रांग. सगळ्यांचे टेप बंद. सगळे गडी मालुबाईंच्या ट्रॉलीभोवती भाकरी सोडून बसलेले. मध्ये युवराज मानकऱ्यासारखा. अगदी पुढं, उसाच्या कांड्याला दात लावून, मारुतीराव.

"बंद कर रं ते," मालुबाई लांबूनच ओरडल्या.

युवराज उठून उभा राहिला. "आक्का, तुम्हीच म्हटलंता, कुणी बी सांगू दे..."

"आरं, मी सांगत्ये."

"कुणी बी म्हंजे तुम्ही बी आला की त्यात."

भाकरीची भीती माणसाला केवढं शास्त्र शिकवते बघा. मालुबाई त्याला ढकलून ट्रॅक्टरच्या पायरीवर चढल्या. गोकाककडचा एक ड्रायव्हर हात आडवा करून म्हणाला, "अज्जी, स्वल्प निल्री, जरा थांबा. चांगलं सांगाय लागल्यात."

टेपमधली सौम्या पुस्तकांपर्यंत आली होती. "माझं सगळ्यात जाड पुस्तक आज्जीनं दार आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवलं. मला आधी राग आला. मग वाटलं, बरोबर आहे. पुस्तकाचं कामच ते. दार उघडं ठेवायचं. आमच्या घरातल्या पोरींसाठी हे काम पुस्तकांच्या आधीपासून आज्जीच करते. मला बेळगावला पाठवू नका म्हणून सगळे सांगत होते, तेव्हा दारात तीच उभी होती."

पेनड्राइव्हपर्यंत गेलेला मालुबाईंचा हात तिथंच थांबला. त्यांना एकदम सौम्याकडं बघावंसं वाटलं. बघितलंही. सौम्या मातीत चप्पल घासत उभी होती. कुणीतरी नाक ओढलं. युवराजच असावा.

"आणि आता शेवटी एक गाणं," टेप म्हणाला. "हे गाणं आमच्या घरी बंद आहे. पण एकदा दुपारी मी अचानक घरी आले, तर आज्जी..."

मालुबाईंनी पेनड्राइव्ह असा उपटला की गणपतीला चक्कर आली असेल.

"आज्जी काय?" मारुतीरावानं कांडं बाजूला ठेवलं.

"झोपलीती. संपलं. उठा, भाकऱ्या खावा."

जिंकल्या. मालुबाई पायरीवरनं उतरल्या त्या सरपंच झाल्यासारख्या. गडी हळहळत पांगले. मारुतीराव आपल्या ट्रॅक्टरवर चढला आणि वरनं म्हणाला, "आक्का, हे तुमचं दार न्हवं. आता आमचं लावलं तर चालंल न्हवं?"

"लाव की. मला काय त्याचं?"

आणि कंबरपट्टा सुरू झाला.

मालुबाईंनी तोंड फिरवलं, पदर घट्ट ओढला, कारखान्याच्या धुराड्याकडं बघत राहिल्या. सगळं नीट चाललं होतं. फक्त उजवा पाय. त्यानं आधी अंगठ्यानं माती थापटली, मग टाच उचलली. मग डाव्या पायाला वाटलं, आपण तरी मागं का राहायचं?

"आक्का," मारुतीराव गोड आवाजात म्हणाला, "पायाला काय झालं?"

"मुंगी चावली."

"दोन्ही पायांना?"

"साखर कारखाना हाय. मुंग्या असणारच."

"आणि ती खांद्याला चढली वाटतं आता."

सौम्या स्कूटीच्या हँडलवर डोकं टेकून हसत होती. गोकाकवाला तर ठेका धरून टाळ्याच वाजवायला लागला. मालुबाईंनी सगळ्यांकडं डोळे वटारून बघितलं. मुंगी मात्र गाणं संपेपर्यंत उतरली नाही.

आता गावात त्या गाण्याला कुणी कंबरपट्ट्याचं म्हणत नाही. मुंग्यांचं गाणं म्हणतात. केतकीच्या कार्यक्रमात सौम्याचं बोलणं लागलं, तेव्हा शेवट मालुबाईंनी कापायला लावला. आणि मारुतीराव, शहाणा माणूस, अजूनही त्यांच्या दारावरनं जाताना मान राखून आवाज कमी करतो.

तेव्हा आतनं, भाकरीच्या थापेबरोबर, ओरडणं येतं,

"मारुती, टेप बिघडला काय रं तुझा?"