बब्रुवान सरांची फळी

इकडं या, जवळ बसा. कळंबला येता, मोंढ्यातनं बाजार करून परत जाता आणि माझ्या दाराकडं ढुंकून बी बघत न्हाय. असं वागतात का माणसं? आता बसलाच आहात, तर आमच्या शेजारच्या बब्रुवान सरांचं ऐका.

सरांकडं पाहुणा आला, की पाणी विचारायच्या आधी ते त्याचं वजन विचारायचे. वजन भरलं, की त्याला मोटारीत घालून कुठल्यातरी रिकाम्या प्लॉटवर न्यायचे आणि जमिनीवर टाकलेल्या लाकडी फळीवर उभं करायचे. "हलायचं न्हाय. श्वास घ्या, पण बेतानं." मग फळीच्या टोकाला आडवा हातोडा हाणायचे. पुढं जमिनीत ओळीनं यंत्रं खुपसलेली, त्यांची वायर लॅपटॉपला. लॅपटॉपकडं सर असे बघायचे, जसा मुलीचा बाप पत्रिकेकडं बघतो.

सर धाराशिवला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. त्यांचं म्हणणं, घाव घातला की मातीतनं लाट जाते. मऊ मातीत रेंगाळते, खडकात पळते. जिथं रेंगाळते, तिथं भूकंपात घर जास्त हलतं. एवढं सांगायला त्यांना अख्खी दुपार लागते.

फळी जमिनीला घट्ट बसायला वर वजन लागतं. मला म्हणाले, "आक्का, तुमच्यासारखं माणूस गल्लीत दुसरं न्हाय." मी आधी खूश झाले.

मोजताना आसपास काही हललेलं त्यांना खपायचं न्हाय. एकदा पिठाची गिरणी बंद करायला लावली. डबे घेऊन उभ्या बायांनी त्यांचा जो उद्धार केला, तो यंत्रात नक्की उमटला असणार. आमच्या गोठ्यामागचा प्लॉट मोजताना तर माझ्या म्हशीवरच घसरले.

"आक्का, म्हैस पाय आपटतीय. लाट बिघडली."

"गोमाशा चावल्यावर आपटणारच की ती. तुमच्या वर्गात बसलीय व्हय?"

"मग गोमाशांचं बघा काहीतरी."

हा सगळा खटाटोप एका घरासाठी. सरांची आई सोजरबाई भूकंपापासून पत्र्याच्या खोलीत राहते. माळवदाचं दगडी घर पडलं, त्यात तिचा नवरा आणि धाकटी लेक गेली. तेव्हापासून पत्रा सोडून दुसऱ्या छताखाली ती जात न्हाय. सरांनी ठरवलं, आईला पक्क्या घरात न्यायचं, पण जमीन पारखून. प्लॉट दाखवून एजंट दमले, सर प्रत्येकात खोट काढायचे. "काळी माती, लाट आळशी." "भराव टाकलाय, लाट आजारी." फळी दिसली की एजंट गाडी वळवायचे.

सगळा तालुका ठोकून झाल्यावर सरांनी स्वतःच्या पत्र्याच्या खोलीपुढची जागा मोजली. वीतभर मातीखाली खडक. गल्ली लई हसली. एवढं शिकून माणसानं आपल्या दारातली जमीन शेवटी बघावी?

घर झालं. वास्तुशांतीला आम्ही सगळे आत जेवलो. सोजरबाई बाहेरच उभी. सर लॅपटॉप घेऊन तिच्याकडं गेले. "आई, ही रेघ बघ. खाली सगळा दगडच हाय."

ती म्हणाली, "आपल्या वर बी दगडच होता की रे."

सरांनी लॅपटॉप मिटला.

नवं घर आता रिकामं. सर आईजवळ पत्र्यातच राहतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "मोजमाप चालू हाय अजून." मी त्यांच्या सगळ्या गोष्टींची टिंगल करते, याची करत न्हाय. सुट्टीच्या दिवशी ते नव्या घरात चटई टाकतात आणि आम्हा बायांना शेंगा फोडायला बोलावतात. आत हसणं-बोलणं सुरू झालं, की सोजरबाई हळूच येऊन उंबऱ्यावर बसते. परवा बोलण्याच्या नादात तिनं पाय आत सोडले. सरांनी बघितलं. खाली मान घालून शेंगा फोडत राहिले.

म्हणून म्हणते, या एकदा लवकर, लेकरंबाळं घेऊन. त्या घरात बसू आणि मोठमोठ्यानं बोलू.