रविवारपर्यंतचं कुलूप

मागच्या गल्लीतली एक कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, भरदिवसा चोरीला गेली, तेव्हा इंग्लंडमधल्या गूल गावात सगळ्यांत जास्त घाबरला तो नॉरिस. खरं म्हणजे त्याची स्वतःची कॅराव्हॅन येत्या रविवारी विकलीच जाणार होती. लॉरेनने, त्याच्या मुलीने, लांब रेडिंगला बसून फोनवर गिऱ्हाईकही ठरवलं होतं. नॉरिस त्यावर "बरं" म्हणाला होता. मार्चमध्ये त्याची बायको मेव्हिस वारली, तेव्हापासून तो सगळ्यालाच "बरं" म्हणत असे.

पण चोरीचं कानावर आलं आणि तो टोपी घालून थेट दुकानात गेला.

"कॅराव्हॅनच्या चाकाला कुलूप हवंय. भक्कम."

"कॅराव्हॅन किती दिवस उभी राहणार आहे, काका?"

"रविवारपर्यंत."

"म्हणजे परवापर्यंत? मग एवढं लोखंड कशाला उचलताय?"

"चोर आजच आला तर?"

दुकानदाराने चाकाच्या भोकातून मागे बोल्टने आवळायचं कुलूप दिलं. घरी येऊन बघतो तर त्याच्या जुन्या चाकांना तेवढी भोकंच नव्हती. नॉरिस ते परत घेऊन गेला आणि दुसरं घेऊन आला. हा एक पिवळाधमक जबडा होता, दोन्ही बाजूंनी टायर कवळणारा, वर चाकाचे नट झाकणारी थाळी असलेला. कोणत्याही चाकाला बसतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

तो नॉरिसच्या स्वेटरलाही बसला. चाकाशी गुडघे टेकून त्याने जबडा खटकन मिटला, तेव्हा स्वेटरचा काठ आतच राहिला. तो उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला. चावी पँटच्या खिशात होती, आणि त्याच खिशावर तो बसला होता.

शेजारचा क्लिफ कचऱ्याचा डबा आत घ्यायला आला म्हणून बरं झालं.

"काय रे, चाकाशी काय बोलतोयस?"

"अडकलोय."

"थांब, कात्री आणतो."

"खबरदार! मेव्हिसने विणलाय."

मग क्लिफने त्याला कलता करून खिशातून चावी काढली आणि बराच वेळ खटपट केली. शेवटी त्याला कळलं, की चावी नुसती फिरवायची नाही, आत दाबून फिरवायची. स्वेटर सुटला. त्यानंतर नॉरिस दुपारभर जबडा घालत होता, काढत होता, पुन्हा घालत होता. क्लिफ खिडकीतून बघून बायकोला म्हणाला, "गडी रमला बघ. फार दिवसांनी."

रविवारी लॉरेन आली, आणि तिच्या पाठोपाठ गिऱ्हाईक. तरुण जोडपं होतं, लाजरं. त्यांनी गाडी मागे घेऊन कॅराव्हॅन जोडायची तयारी केली.

"बाबा, ते कुलूप काढा ना."

नॉरिसने चावी घातली, फिरवली. मान हलवली.

"निघत नाही."

लॉरेनने फिरवून पाहिली. तरुणाने तेल सोडलं. लॉरेनने हातोडी मारली. तिचा फटका थाळीवरून घसरून कॅराव्हॅनच्या कुशीत बसला आणि तिथे पोचा आला. मग तरुणाने गाडीतून लोखंड कापायचं यंत्र काढलं. ते किंचाळायला लागलं, ठिणग्या उडाल्या, आणि समोरच्या घरातल्या बाईने पोलिसांना फोन केला, की नॉरिसची कॅराव्हॅन चोर नेताहेत आणि नॉरिस बिचारा नुसता बघत उभा आहे.

पोलीसबाई आली.

"कॅराव्हॅन कोणाची?"

"माझ्या बायकोची," नॉरिस म्हणाला.

"त्यांना बोलवा जरा."

लॉरेन हळूच म्हणाली, "आई वारली हो." पोलीसबाईने टोपी काढून काखेत धरली.

तेवढ्यात क्लिफ चर्चहून परतला. गर्दी पाहून हसत पुढे झाला. "अरे, विसरलास होय? आत दाबून फिरवायची! शुक्रवारी दिवसभर हेच तर करत होतास!" त्याने चावी दाबली, फिरवली. जबडा निमूटपणे हातात आला. मग सगळ्यांचे चेहरे पाहून क्लिफचं हसू विरलं.

"बाबा," लॉरेन म्हणाली, "विकायची नव्हती तर तसं सांगायचं होतंत."

"विकायची होती गं. फक्त आज नको होती."

"मग कधी?"

"तेच तर ठरत नव्हतं."

तरुणी नवऱ्याची बाही ओढत म्हणाली, "आम्ही पुढच्या आठवड्यात येतो, आजोबा."

"नको, आजच न्या. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा लावीन ते." तो कॅराव्हॅनच्या दाराशी थांबला. "आत तिच्या केसांच्या पिना आहेत. तेवढ्या घेऊन येतो."

पिना घेऊन यायला त्याला खूप वेळ लागला. कोणी हाक मारली नाही. तो बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती आणि डोळे लाल होते. कॅराव्हॅन कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो हात हलवत राहिला, जणू आत कोणी बसलं होतं.

लॉरेनने घरातल्या कपबश्या विसळल्या आणि कोट चढवला. "निघते बाबा. उशीर झाला की रस्ते भरतात."

नॉरिस घरात नव्हता. ती बाहेर आली. तिच्या गाडीच्या पुढच्या चाकावर तो पिवळा जबडा घट्ट बसला होता, आणि शेजारी पायरीवर नॉरिस गुडघे झटकत बसला होता.

"हल्ली चोऱ्या फार वाढल्यात," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"बाबा, मला उद्या कामावर जायचंय."

"ठाऊक आहे." त्याने तळहात पुढे केला. त्यावर चावी होती. "आत दाबून फिरवायची."

लॉरेन त्या चावीकडे बघत राहिली. मग त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"जेवायला काय आहे?"

"अंडी."

"आणि?"

नॉरिसने मनापासून विचार केला. "अंडीच."

"बरं," म्हणत लॉरेनने कोटाची बटणं सोडली.