टॉवेलाखालचा सौदा

बिराप्पा सरांशी हात मिळवण्याआधी त्यांचा टॉवेल कुठे आहे ते बघून घ्यावं. तो खांद्यावर असेल तर नुसता नमस्कार चालला आहे असं समजावं. तो घसरून तुमच्या मनगटावर पडला, तर तुम्ही बाजारात उभे आहात.

सर मूळचे मंगळवेढ्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तिकडे मेंढराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागू नये. सर शिकले, सोलापुरात पी.टी.चे मास्तर झाले, रिटायर होऊन माझ्या शेजारी राहायला आले, पण बोटांची सवय गेली नाही. आता ते आमच्या भागातला बेसबॉलचा संघ चालवतात. होय, बेसबॉलच. पहिल्याच भेटीत त्यांनी टॉवेलाखाली माझी तीन बोटं दाबली. मी आपली सभ्यपणानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी कळलं, की मी तीन वर्षांसाठी संघाचा मॅनेजर झालो आहे.

"मान हलिवली की सौदा पक्का, साहेब. आता न्हाय म्हनून कसं चालंल?"

आमचा खरा खेळ मोसम संपल्यावर सुरू होतो. उन्हाळ्यात मैदान तापतं, सामने बंद होतात आणि खेळाडू मोकळे होतात. कुणाला ठेवायचं, कुणाला कुठून आणायचं, त्याचे बूट कुणी घ्यायचे, दूध-अंडी कुणी पुरवायची, यावर खलबतं चालतात. शेतावर पाडव्याला वर्षाचा गडी ठरवतात तसं सर याला 'साल धरणं' म्हणतात. खेळाडूचं वय ते वर्षांत सांगत नाहीत, मेंढरासारखं दातांवरून सांगतात. "दोनदाती हाय, अजून वाढंल," म्हणतात.

अमेरिकेच्या बातम्याही ते मोबाईलवर याच मापानं वाचतात. तिकडे कुणा चौतिशीतल्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, लांबलचक करार मिळाला, की सर हातातला चहा खाली ठेवतात.

"धा वर्साचं साल? त्या जून गड्याला? खांदा चाचपून बगितला का कुनी?" मग जरा वेळानं, "आपल्याकडं न्हाय आला त्ये बरंच झालं." जणू तो गाडीत बसून निघालाच होता.

सर जळतात. अमेरिकेवर थोडं, आणि बार्शीवर पोटभर. बार्शीच्या क्लबाला व्यापाऱ्यांचा हात आहे. त्यांच्याकडे नवी जाळी आहे, चेंडू फेकणारं यंत्र आहे, जर्सीच्या पाठीवर खेळाडूंची नावं आहेत. "नावं कशाला? पोरं हरवत्यात का त्यांची?" असं सर म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी मला हळूच विचारलं, "कापड कसलं हुतं वो त्ये? चकाकत हुतं लई."

मला हसू यायचं. पण खरं सांगायचं तर मीही जळायचो, बार्शीवर नाही, या पोरांवर. पाटबंधारे खात्यात एकाच टेबलाशी माझे केस पांढरे झाले. मला पळवून न्यावं असं शेजारच्या टेबलालासुद्धा कधी वाटलं नाही. आणि इथे काल मिसरूड फुटलेल्या पोरांसाठी दोन गावं भांडत होती.

त्यातला सगळ्यात मोलाचा म्हणजे श्रीनू, आमचा डावखुरा पिचर. विणकरांच्या घरातला. दगड मारून चिंचा पाडताना सरांनी त्याला पकडलं होतं. मारायला म्हणून गेले आणि त्याचा खांदा चाचपत परत आले. तेव्हापासून दुपारची भाकरी तो सरांकडेच खायचा. सरांच्या घरी दुसरं खाणारं कुणी नव्हतं.

या उन्हाळ्यात बार्शीनं श्रीनूला मागणी घातली. सरांचा जळून कोळसा झाला. "एक तर त्यांचं यंत्र घेनार," ते मला म्हणाले, "न्हायतर पोरगं देनार न्हाय." श्रीनूच्या घरच्यांनी सगळं सरांवर सोडलं होतं.

सात रस्त्याजवळच्या चहाच्या टपरीवर बैठक बसली. बार्शीचे सेक्रेटरी बाबूराव आडत्याच्या घरात वाढलेले, बोटांची भाषा त्यांनाही येत होती. टॉवेल पडला. सर त्यांच्या कानाशी एकेक शब्द बोलायचे आणि बोटं दाबायचे. मी आणि श्रीनू नुसता टॉवेल हलताना बघत होतो. चहावर साय धरली. बाबूरावांच्या कपाळावर घाम आला.

"एवढं न्हाय जमत, सर."

"मग उटा."

बाबूराव उठले नाहीत.

"सर, मी काय मेंढा हाय का?" श्रीनू कुरकुरला.

"मेंढ्याला डिग्री लागत न्हाय. तुला लागती. गप बस."

शेवटी सरांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "झालं."

"यंत्र कधी येणार?" मी विचारलं.

"बगू," असं म्हणून ते माझ्यासाठी न थांबता चालू लागले.

काय ठरलं ते दुसऱ्या दिवशी श्रीनूकडूनच कळलं. "एकच वर्स म्हनत हुते त्ये. सरांनी तीन केलं, डिग्री हुईस्तवर. फी, हॉस्टेल, समदं त्यांच्याकडं. आनि खांदा गेला, खेळता न्हाय आलं, तरीबी मला काढायचं न्हाय."

"आणि यंत्र?"

"त्ये सोडलं की सरांनी. त्या बदल्यात खांद्याची अट घातली."

मला त्या पोराचा असा हेवा वाटला की काही विचारू नका. माझा खांदा गेला असता, तर कुणी कुणाचं बोट दाबलं असतं?

श्रीनूला पोचवायला आम्ही दोघं एसटी स्टँडवर गेलो. सरांनी गाडीला नावं ठेवली, बार्शीच्या पाण्याला नावं ठेवली, श्रीनूच्या पिशवीत भाकऱ्या आणि शेंगाचटणी कोंबली. "त्या यंत्राम्होरं लई हुबा ऱ्हाऊ नगंस," म्हणाले. "त्येला मानसाचा खांदा कळत न्हाय." गाडी हलली. श्रीनूनं खिडकीतून डावा हात काढला, तसे सर ओरडले, "हात आत घे, खुळ्या!"

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी सर तिथेच उभे होते. मग टॉवेल घसरला आणि माझ्या मनगटावर पडला. माझी तीन वर्षं त्याच महिन्यात संपत होती. आता किती बोटं दाबतात म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. माझा अख्खा हात धरून ठेवला.

मी मान हलवली.