वजनदार कर्मचाऱ्याचे चाक

सन १९५४च्या उन्हाळ्यात धानोऱ्याकडच्या एका कचेरीत देवीची लस टोचणारे गुणवंतराव यांच्याखाली तिसरी सरकारी सायकल मोडली. चांद्याच्या वरिष्ठांनी बाब गांभीर्याने घेतली आणि दोन सायकली पाठवल्या, एक लहान चाकांची, एक मोठ्या चाकांची. वजनदार कर्मचाऱ्यास कोणती मानवते, याचा तौलनिक अहवाल मागवला. तोवर फिरती बंद.

त्याच दिवशी दोन कोसांवरच्या टोल्यातून, म्हणजे छोट्या वस्तीतून, बुधरी धापा टाकत आली.

"भाऊ, टोल्यावर देवी आल्या. माह्या पोरीले अजून टोचलं नाई. चाला ना जी!"

"येतो बाई. पयले चाक ठरू दे," गुणवंतराव म्हणाले. माणूस मनाने वाईट नव्हता, नुसता सरकारी होता.

अहवालात वजन लिहायचे होते. माणूस तोलायचा काटा जवळपास नव्हता, म्हणून त्यांना जंगलखात्याच्या डेपोत हिरड्याच्या काट्यावर बसवले. भरले तीन मण दोन शेर. पण त्या काट्यावर तोललेला माल परवान्याशिवाय नाक्याबाहेर जात नसे. नाकेदार मुखरू परवाना लिहायला बसला आणि मालाच्या जातीपाशी अडला.

"हिरडा लिहू का बेहडा?"

वरून खुलासा येईपर्यंत गुणवंतराव डेपोत जमा झाले. रीतसर पावती मिळाली.

चाचणी आवारातच उरकली. लहान चाके रेतीत रुतली. मोठ्या चाकांच्या सायकलवर चढायला वारूळ लागे, आणि उतरायच्या ठिकाणी वारूळ असेलच असे नाही. तेव्हा कचेरीचे मोठेबाबू लटारूजींनी तोड काढली. पुढे लहान चाक, मागे मोठे, म्हणजे रस्ता कायम उताराचा. परतीला सायकल उलटी चालवावी.

चौथ्या दिवशी बुधरी पुन्हा कुंपणापाशी आली. "पायीच काऊन नाई येत जी? लसीचा डबा द्या माह्या डोक्यावर."

"पायी गेले, तं सायकल काऊन मांगतली, असं वरून विचारतीन," लटारूजी म्हणाले.

"मंग पोरीलेच इथी आणू?"

"आण," मुखरू म्हणाला. "पण आत आलं ते तोला लागते, बाई."

अहवालाचे वर फार कौतुक झाले. मी हा किस्सा पुष्कळांना सांगतो. सगळे पोट धरून हसतात आणि विचारतात, शेवटी कोणते चाक चांगले ठरले? तुम्हालाही तेच विचारायचे असेल, तर लिहून घ्या, पुढे लहान, मागे मोठे. बुधरीची पोर सोमारी त्याच आठवड्यात गेली. तिचे अजून कोणी विचारलेले नाही.